काकांचं ऐकलं नाही म्हणून

नोकरीबद्दल सल्ला देणारी माणसं नागपुरात जितकी आहेत, तितक्या नोकऱ्या असत्या तर आमच्या गल्लीतलं एकही पोट्टं पुण्याला गेलं नसतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा मामा म्हणाला, बँकेच्या परीक्षा दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात रिसेप्शनला लाग, दिवसभर एसीत बसायला मिळतं. मोबाइलवर एक कोटवाला मुलगा मुलाखतीत हात कुठं ठेवायचे ते शिकवत होता. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोणाचंच केलं नाही. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात ट्रेनी केमिस्ट हवी होती, तिथं गेले आणि लागले.

घरी मात्र तह झाला. बाबा जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. पोरीनं मास्तरकीच करावी हे त्यांच्या मनानं मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. ते म्हणाले, "एक वर्ष देतो तुले. पर्मनंट झाली त तुझं खरं. नाही त बी.एड." आणि त्याच संध्याकाळी प्रवेश परीक्षेचं जाडजूड गाइड आणून, पेपरचं कव्हर घालून, फ्रिजवर ठेवून दिलं. रोज सकाळी फ्रिजमधून दूध घ्यायला गेले की ते डोक्यावर बसलेलंच असायचं.

कंपनीची बस मेडिकल चौकातून सुटायची. पहिल्या दिवशी मी चढले, तर मागच्या सगळ्या सीट भरलेल्या आणि पुढं तिसऱ्या रांगेतली खिडकी मोकळी. बसले. बस एकदम गप्प झाली. मला कळेना काय झालं. काटोल नाक्यावर एक उंच, किडकिडीत काका चढले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवीतला डबा. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ए पोट्टी, उठ वं. माही जागा आहे."

"नाव लिहून आहे का तुमचं?" मी म्हटलं आणि आणखी ऐसपैस बसले.

हे स्टोअरकीपर होते, हे मला नंतर कळलं. तीस वर्षं ती खिडकी त्यांची होती आणि ती कोणी घ्यायची नाही, हे त्या बसमधल्या ड्रायव्हरपासून सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बाजूच्या सीटवर टेकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बी.एड.च्या तहाची गोष्ट माझ्याकडून काढून घेतली आणि त्यांची शिकवणी सुरू झाली. काटोल नाका ते कारखान्याचं गेट, रोज.

पहिला धडा होता, "सायेबासमोर तोंड उघडू नको. विचारलं त बोल, नाही त गप बस."

नवी होते, घाबरलेली होते, ऐकलं. त्याच महिन्यात एका बॅचच्या तिखटात ओलावा जास्त लागला. माझ्या वरच्या केमिस्टनं "चालते" म्हणून सही केली. मला दिसत होतं, पण मी गप्प. तो माल व्यापाऱ्याकडून गोळे होऊन परत आला. साहेबांनी दोघांनाही उभं केलं. मी म्हटलं, सर, मला तेव्हाच शंका आली होती. साहेब म्हणाले, "मग तेव्हा तोंडाला कुलूप होतं का?"

असा संताप आला मला काकांचा. घरी येऊन आईला म्हटलं, तो म्हातारा मला बी.एड.ला पोचवणार. त्या दिवसापासून ठरवून टाकलं की काका जे सांगतील, त्याच्या बरोब्बर उलट करायचं.

आणि काकांना तर रोज काही ना काही सांगायचंच असायचं. "दुसऱ्याचं काम काहून शिकाचं? आपलं टेबल सोडून हलू नको," म्हणाले, तशी मी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगला जाऊन बसू लागले, दळणाच्या मशिनवर उभी राहू लागले. शिंकून शिंकून जीव जायचा. संध्याकाळी घरी आले की आमचं मांजरसुद्धा माझ्याजवळ यायचं नाही. पण मिरचीची पोती कशी येतात, कशी रचतात ते तिथंच कळलं. आम्ही सॅम्पल घ्यायचो ते पोत्याच्या वरून, आणि ओल बसलेली असायची बुडाशी. पुढच्या मीटिंगमध्ये मी हात वर करून ते सांगितलं. वरचा केमिस्ट माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याच्या डब्यात हात घातलाय. साहेब म्हणाले, उद्यापासून वर, मध्ये आणि खाली, तिन्हीकडचं घ्या.

काका म्हणाले, "रोजचं रोज लिहून कशाले ठेवाचं? डोकं आहे ना." मी वही केली. कोणती बॅच, काय बिघडलं, कोणी काय ठरवलं, सगळं.

काका म्हणाले, "दुपारी सायेबाले एक कप चहा करून देत जा. पोरीच्या हातचा चहा कोणी विसरत नाही." यावर तर मी बसमध्येच भांडले. लॅबमध्ये शेगडी होती आणि माझ्या आधीची ट्रेनी खरंच चहा करायची. मला एकदा विचारलं गेलं तेव्हा मी म्हटलं, मी ओलावा मोजते, चहा करत नाही. नंतर कोणी विचारलं नाही.

बसमधली माणसं आमची ही जुगलबंदी ऐकून खालमानेनं हसायची. मला वाटायचं, काकांना हसतात.

वर्ष संपत आलं. ट्रेनी आम्ही तिघं होतो आणि जागा एक. बाकीच्या दोघांतला एक साहेबांच्या गावचा होता, दुसरा फाडफाड इंग्रजी बोलायचा. काका म्हणाले, "पर्मनंटचं आपल्या तोंडानं मागू नको. देणारा देते." मी दुसऱ्याच दिवशी वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, मला ही जागा हवी आहे, आणि का द्यावी ते यात आहे. हात कुठं ठेवायचे, ते त्या कोटवाल्यानं शिकवलं होतं, पण ऐन वेळी आठवलंच नाही. साहेबांनी वही ठेवून घेतली आणि "बघू" म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा माझा मला ठाऊक. एका सकाळी पाहिलं तर गाइड फ्रिजवर नव्हतं. बाबा ते मांडीवर घेऊन चष्मा लावून वाचत बसले होते, मला सोपं करून सांगता यावं म्हणून. मी दूधही न घेता निघाले.

शुक्रवारी पत्र मिळालं. पर्मनंट.

संध्याकाळी बसमध्ये काका माझ्या आधी येऊन खिडकीत बसले होते. मी पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं आणि वर्षभराचा राग काढला. "काका, तुमचं एकही ऐकलं नाही, म्हणून झालं हे."

"माहीत आहे ना," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी उठ म्हटलं त तू पसरून बसली. तेव्हाच समजलं का या पोट्टीले जे कराले लावाचं, त्याच्या उलटं सांगा लागते."

सगळी बस खो खो हसायला लागली. ड्रायव्हरसुद्धा. म्हणजे वर्षभर हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि वेडी मी एकटीच. मी म्हटलं, "खोटं बोलता. पहिल्या महिन्यात तुमच्यामुळेच फसले मी."

"एकदाच ऐकलं तू माहं. मले दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, गेली पोट्टी बी.एड.ले."

मलाही हसू फुटलं. विचारलं, "पण रोज नवीन सुचायचं कसं तुम्हाला?"

"सुचाले काय लागते? मी जे जे केलं, तेच सांगत होतो," काका म्हणाले. "तोंड उघडलं नाही. स्टोअर सोडून कुठं गेलो नाही. मागितलं नाही. सायेब लोकांले चहा पाजला. तीस वर्षं झाली, स्टोअरकीपर आहो."

हे ते हसत हसतच म्हणाले. बसही हसतच होती. मला मात्र रडू यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पत्राची घडी घालत बसले, बराच वेळ.

घरी बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि गाइड शेजारच्या मुलीला देऊन आले. कव्हर तेवढं काढून ठेवलं.

काका पुढच्या वर्षी रिटायर झाले. शेवटच्या दिवशी काटोल नाक्यावर उतरताना त्यांच्या एका हातात कंपनीनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, दुसऱ्या हातात डबा. पायरीवर थांबून मागं न बघता म्हणाले, "माह्या घरी-गिरी येऊ नको बरं. रविवार वाया जाते. काही गरज नाही."

मी रविवारी सकाळी दहाला त्यांच्या दारात उभी होते. काकूंनी दार उघडलं. आत ओट्यावर तीन कप आधीच मांडून ठेवलेले होते. काकू चहाचं पातेलं घ्यायला लागल्या, तर मी म्हटलं, सरका, मी करते. आलं घालून, मन लावून केला.

काकांनी एक घोट घेतला. "बिलकुल जमला नाही," म्हणाले, आणि संपवून कप पुन्हा पुढं केला.