नॅटचे उतरते पंख

लिंबायतला होतो तेव्हा माझं बहुतेक काम पॉवरलूमचं असायचं. मागात आडवा धागा नेणारे धोटे खडबडीत झाले की घासून गुळगुळीत करायचे, मागाचे मोडलेले दांडे बदलायचे, कारखान्याची बाकं ठोकून द्यायची. अधूनमधून पर्वत पाटियाजवळच्या एका दुकानाला शाळांच्या बक्षिसांसाठी लाकडी ढाली करून द्यायचो. त्या दुकानाच्या शेठनंच एके दिवशी माझ्यापुढं कॅलेंडरमधून कापलेला एक फोटो ठेवला. लहानसं लढाऊ विमान, वरून टिपलेलं.

"आ नॅट छे," शेठ म्हणाला. "पासष्टनी लडाईवाळुं. एका शाळेला लाकडाचं पाहिजे, काचेच्या कपाटात ठेवायला. होईल ना, मिस्त्री?"

"होईल की," मी म्हणालो.

विमान मी जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. पण दांडे आणि ढाली करून हात कंटाळले होते आणि काहीतरी नवं मिळतंय म्हटल्यावर मी पुढचा विचारच केला नाही.

वखारीत जाऊन शिवणीचा एक हातभर ठोकळा निवडून आणला. शिवण हलकी, कोरायला सोपी आणि सहसा वाकत नाही. पोट गोल केलं, शेपूट मागं निमुळती काढली, दोन्ही बाजूंना हवा ओढायची तोंडं पटाशीनं पोखरली. पंखांना सागाची पातळ फळी घेतली. पाठीवर आडवी खाच पाडून एकाच फळीचे दोन्ही पंख तिच्यात बसवले. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, एक दोराही फरक नव्हता. मी खूश होऊन ते फडक्यात गुंडाळलं आणि पर्वत पाटियाला निघालो.

दुकान ज्या कापड मार्केटात होतं, त्याच्या फाटकावर यवतमाळकडचे एक काका वॉचमन होते. खाकी शर्ट, कडक इस्त्री, मिशा पांढऱ्या. मी त्यांना रामराम करायचो, ते मला कधी अडवत नसत. त्या दिवशी फडक्यातून बाहेर आलेली शेपटी त्यांनी पाहिली आणि हात धरला.

"दाखवा बरं मिस्त्री, काय हाये?"

मी फडकं सोडलं. काकांनी विमान दोन्ही हातांवर घेतलं आणि समोरून पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला.

"हे पंख सरळ काऊन हो? नॅटचे पंख खाली उतरते असतात. असे." त्यांनी विमान माझ्या हातात दिलं आणि आपले दोन्ही हात पसरून किंचित खाली झुकवले. "म्या आठ वर्सं याच्या पोटाखाली काढली. एअरफोर्समधी मेकॅनिक होतो. इतकं बुटकं विमान, की पाटावर बसून काम करा लागे."

"पण फोटोत सरळ दिसतात."

"वरून पाह्यल्यावर सरळच दिसन ना! समोरून पाहा."

समोरून पाहायला माझ्याकडं विमान कुठं होतं? पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाला मी खोटं कसं ठरवणार? तसाच परत फिरलो.

काका त्यांच्या सुट्टीच्या दिवशी लिंबायतला माझ्या खोलीवर आले. फरशीवर खडूनं त्यांनी समोरून दिसणारा नॅट काढला. एकदा पुसला, पुन्हा काढला. तोफांच्या नळ्या कुठं असतात तेही दाखवलं, हवेच्या तोंडांच्या बाहेरच्या कडेला. मी त्या उताराचा पत्र्याचा साचा कापून घेतला.

मग खरा ताप सुरू झाला. पाठीवरची सपाट खाच आता कौलारू छपरासारखी दोन्हीकडं उतरती करायची होती, आणि पंख दोन वेगळे करून मधे जोडायचे होते. उजवा बसला की डावा वर राही. डावा घासला की उजवा ढिला पडे. तीन वेळा सांधा उखडला. सरस वाळेपर्यंत दम धरवत नव्हता. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी दारातूनच ओरडली, "जेवाले ऊठा आते! तुमनं इमान काय उडी जावाव नही!"

मी तिच्यावरच खेकसलो. तिचा काय दोष होता? पण कुणावर तरी निघायलाच हवं होतं.

चौथ्या खेपेला पंख बसले. साचा दोन्हीकडं चपखल लागला. काकांनी फाटकावर ते समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मग अंगठा पंखाच्या मुळाशी फिरवला आणि मला वर जायची खूण केली. मी तसाच वर शेठकडं गेलो.

शेठनं विमान काउंटरवर ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"आ शुं कर्युं? पांख तो नमी गई छे!"

"शेठ, ते असंच असतं."

"कोणे कीधुं?"

मी सांगितलं. शेठनं पोऱ्या पाठवून काकांना वर बोलावलं. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. काकांनी आधी टाचा जुळवल्या, मग हिंदीत समजावून सांगायला लागले आणि बोलता बोलता त्यांचे हात पसरले, मला दाखवले होते तसेच, किंचित खाली. गिऱ्हाइकांतला एक जण हसला. मग बाकीचेही हसले.

"फाटक पर कौन है?" शेठनं विचारलं. "जाओ, फाटक देखो. अब वॉचमन हमको प्लेन सिखाएगा?"

काकांचे हात खाली आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता मी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं. शेठच्या हातातला फोटो ओढून घ्यावा, वरून आणि समोरून यातला फरक त्याला ओरडून सांगावा, असं घशाशी आलं होतं.

"सरळ करून देतो, शेठ," मी म्हणालो.

काका जिना उतरून गेले.

इतक्या वर्षांनीही त्या वाक्याची मला चीड येते. शेठची येत नाही तेवढी माझी येते. अडाण्याला शहाणा करणं माझ्या हातात नव्हतं, पण निदान एकदा 'काका बरोबर सांगताहेत' एवढं म्हणायला काय जात होतं?

पहिली सरळ फळी अजून माझ्याकडं होती. उतरत्या खाचेत ती बसेना, म्हणून खालून पाचरी ठोकल्या, फटी लाकडाच्या भुशानं बुजवल्या आणि वरून रंग मारला. चांगलं काम मोडून वाईट काम करायलाही तेवढेच दिवस लागले. शेठनं ते पाहून 'आता झालं' अशी मान डोलावली. "हवे बराबर!" शाळेची माणसं येऊन घेऊन गेली. त्यांनाही फार आवडलं म्हणे.

पुढच्या खेपेला मी ढाली घेऊन फाटकावर गेलो, तर काकांनी मला अडवलं.

"रजिस्टरमधी नाव लिवा."

"काका, मी आहे."

"दिसते मले. नाव लिवा. कोणाकडं जाता, तेबी लिवा."

मी लिहिलं. त्यानंतर दर खेपेला लिहीत राहिलो.

काढलेले उतरते पंख मी टाकले नव्हते. त्यांच्यासाठी नवं धड करायचं ठरवलं आणि शिवणीचा दुसरा ठोकळा आणला. तो अर्धा कोरल्यावर नाकापासून तडकला. तिसरा आणला. धोट्यांचं काम पडून राहिलं, कारखानदार दारात येऊन बोलून गेला. या खेपेला तोफांच्या नळ्याही बसवल्या, छत्रीच्या काडीच्या, कारण लाकडाच्या इतक्या बारीक काढताना मोडत होत्या.

काकांची खोली नवागामला होती. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिथं गेलो. ते दारात बसून दाढी करत होते. मी विमान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून टॉवेलनं हात पुसले आणि विमान डोळ्यांसमोर धरलं, समोरून.

"हवेची तोंडं जाड झाली," ते म्हणाले. "याची कड पात्यासारखी असते."

माझं डोकंच फिरलं. "काका, तीन ठोकळे झालेत याच्यापायी! अजून किती करू?"

"मंग मी काय खोटं सांगू तुमाले?"

पिशवीत कानस होतीच. त्यांच्याच उंबऱ्यावर बसलो आणि तोंडाची कड घासायला लागलो. काकांनी उरलेली दाढी उरकली आणि मग आतून पाट आणून माझ्याशेजारी बसले.

"हळू," ते म्हणाले. "आता थोडंच राह्यलं."