पॅनमधून डब्यात

पांढऱ्या ग्रेव्हीच्या डब्यात पळी घातली आणि पळीत मिऱ्याची भरड आली. पांढऱ्या ग्रेव्हीत मी मिरे घालत नाही, कधीच नाही. पुन्हा पळी बुडवली. या वेळी चिकनचा एक धागा वर आला.

रविवारची संध्याकाळ होती. परभणीतल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी तेव्हा मेन कुक होतो. सगळी टेबलं भरलेली, ऑर्डरींचा नुसता मारा चाललेला. त्यात निम्म्या ऑर्डरी मलाई चिकनच्या.

हे मलाई चिकन पटकन होतं, म्हणूनच ते हॉटेलला परवडतं. दही-आलं-लसणात मुरवलेले बोनलेस पीस जाड बुडाच्या पॅनमध्ये मोठ्या आचेवर टाकायचे. एक बाजू तांबूस होईपर्यंत हलवायचे नाहीत. पॅनच्या बुडाला जी खरवड धरते, तीच खरी चव. त्यावर मिरे आणि पांढरी ग्रेव्ही घालायची, खरवड सोडवून घ्यायची, पीस शिजू द्यायचे आणि शेवटी गॅस बंद करून क्रीम. आचेवर क्रीम घातलं की फुटतं. नवीन पोरं इथंच घाई करतात.

पांढरी ग्रेव्ही म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज बी यांचं वाटण. ती सकाळीच करून ठेवायची. ती पूर्ण व्हेज असते, म्हणून तर एकाच डब्यातून चिकनलाही वापरता येते आणि पनीरलाही. त्यासाठी नियम एकच. डब्यातून पॅनमध्ये जायचं, पॅनमधून डब्यात काही यायचं नाही. हा नियम मी किचनमध्ये ओरडून ओरडून सांगितला होता.

"डब्यात कोणी काय घातलं?" मी विचारलं.

शेठचा मेहुणा दारात उभा होता. तोच आमचा मॅनेजर. गॅस कुठून चालू होतो हे त्याला माहीत नव्हतं, पण किचनमध्ये हात घालायची भारी हौस.

"मी वतली," तो म्हणाला. "दुपारच्या पार्टीची ग्रेव्ही उरली व्हती. मलई हाय, काजू हायत, फेकून द्यायची व्हय?"

"चिकनची ग्रेव्ही? व्हेजच्या डब्यात?"

"पीस काढून घेतले की. रंग एकच हाय, कोणाला कळायलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. थोड्या वेळापूर्वी वेटर सांगून गेला होता, "उस्ताद, पाच नंबरला माळकरी आजी हायत. कांदा-लसूण चालतंय म्हणाल्या, पन ते दुसरं कायबी लागू देऊ नका." पाच नंबरचं मलाई पनीर शेजारच्या शेगडीवरच्या कुकने याच डब्यातून केलं होतं. त्या गडबडीत त्याचं लक्षच गेलं नाही. मी ट्रेकडे पाहिलं. पनीर गेलं होतं.

हातात पळी तशीच घेऊन मी बाहेर पळालो.

सत्तरीच्या आजी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, समोर मुलगा आणि सून. आजींच्या हातात रोटीचा तुकडा होता, पनीरला लावलेला.

"मावशी, थांबा," मी म्हणालो. "ते खाऊ नका."

काउंटरवरून शेठ लगबगीने आले. त्यांनी माझा दंड धरला. "मीठ जास्त झालं आसंल, उस्ताद. दुसरी प्लेट द्या."

म्हणजे शेठना माहीत होतं. माझ्याकडे न बघता ते मिठाचं बोलत होते, त्यावरूनच मला कळलं. मी दंड सोडवून घेतला.

"मीठ बरोबर हाय," मी म्हणालो. "मावशी, त्या ग्रेव्हीत चिकनची ग्रेव्ही मिसळलीय. मला आत्ता कळलं."

मुलगा खुर्ची मागे ढकलून उठला आणि शेठला नको नको ते बोलला. तो काही चुकीचं बोलत नव्हता. आजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मुलाला हात धरून खाली बसवलं.

"दोन घास गेले बाबा माझे," त्या मला म्हणाल्या. "लय गोड लागलं, म्हनून दुसरा घेतला."

मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्यात नेहमीच असं करायलेत का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खरं आहे की नाही हे मलाच कुठं ठाऊक होतं?

"माहीत न्हाई, मावशी."

त्या उठल्या. बेसिनवर बराच वेळ चूळ भरत राहिल्या. सून पाठीवर हात ठेवून उभी होती.

किचनमध्ये शेठ माझ्यावर धावूनच आले. "तुला कोन सांगितलं व्हतं खरं बोलायला? धंदा बुडवायलास माझा?"

मी अख्खा डबा मोरीत ओतला. मेहुणा "अरे, अरे" करत राहिला. सगळ्या शेगड्या बंद केल्या, ॲप्रन खुंटीला टांगला आणि भरल्या रविवारी निघून आलो.

ते हॉटेल बंद पडलं असेल असं वाचणाऱ्यांना वाटत असेल. छे. ते आजही जोरात चालतं, आणि काउंटरवर आता तोच मेहुणा बसतो. तिकडून जाताना अजूनही माझं डोकं फिरतं.

मी आता दुसरीकडे आहे. पांढऱ्या ग्रेव्हीच्या डब्याला कुलूप लावतो, किल्ली माझ्या खिशात असते. नवे मालक हसतात, हसू देत. चव कधीच चुगली करत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. गिऱ्हाइकाने "लय गोड लागलं" असा निरोप पाठवला की पूर्वी मी खूश व्हायचो. आता आधी जाऊन कुलूप बघतो.