अक्काची अरुंद पात

आमच्या घरात लग्न असो की उत्तरकार्य, पंगत उठली की मला मध्ये बसवतात आणि किस्से सांगायला लावतात. पन्नाशीत पीएचडी करायला निघालेला माणूस म्हणजे आयताच विनोद. शेतमजूर बायांची माहिती गोळा करायला मी पहिल्यांदा गावात गेलो तो नेमका बाजाराच्या दिवशी. शिवारात चिटपाखरू नाही, आणि मी हातात सहा पानांची प्रश्नावली घेऊन कपाशीच्या कडेने हिंडतोय. एवढं सांगितलं तरी धुळ्याची मंडळी हसून लोळतात. अक्काचं मात्र मी तिथं कधी सांगितलेलं नाही. ते सांगायला बसलो तर मध्येच थांबावं लागेल, आणि किस्से सांगणाऱ्याला ते परवडत नाही.

माझा विषय होता कापूस पिकवणाऱ्या भागातल्या शेतमजूर स्त्रियांचे श्रमजीवन आणि आरोग्यसेवेचा वापर. बायको म्हणाली, हे नाव पाठ होईपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल. ती साक्री तालुक्यात शिक्षिका, राहायला धुळ्यात, मुलगी पुण्याला. मी कॉलेजातून रजा काढून चोपड्याला एक खोली घेतली. खाली भांड्यांचं दुकान, वर मी. संध्याकाळी मेसमध्ये शेवभाजी. मेसवाला कधी काही विचारत नसे, मीठ कमी आहे का एवढंसुद्धा नाही. बायकोचा फोन यायचा, जेवलात का म्हणून. जेवलो म्हटलं की बोलणं संपायचं. तिच्या वह्या तपासायच्या असायच्या आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. दिवसभर मी लोकांना त्यांच्या सांध्यांविषयी, झोपेविषयी, भुकेविषयी विचारायचो आणि खोलीवर येऊन मोबाइलच्या चार्जिंगकडे बघत बसायचो.

चोपड्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात दहा बायांची एक टोळी निंदणीला जायची. टोळीची मुकादमीण चाळिशीची, आवाज खणखणीत. सगळ्यात वयस्कर बाईला सगळ्या अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. अक्काच्या उजव्या हाताची बोटं आत वळलेली होती आणि उकिडवं बसताना तिला जमिनीचा आधार घ्यावा लागे. मुलगा सुरतला असतो. घरात ती एकटीच.

त्या दहा जणींच्या प्रश्नावल्या भरल्या तेव्हा एक गोष्ट मला टोचत होती. पाठ दुखते का, हो. गुडघे, हो. फवारणीनंतर डोळे चुरचुरतात का, हो. दवाखान्यात गेलात का? आरोग्य उपकेंद्र उघडायच्या आत बाया शेतात पोचलेल्या असतात, म्हणून नाही. बाजाराच्या दिवशी एक सुई टोचून घेतो, झालं. मग पुढचा प्रश्न, गेल्या महिन्यात आजारपणामुळे किती दिवस काम बुडालं? दहाही जणी, एकही नाही. अक्कासुद्धा, एकही नाही. मी फोनवर मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, बांधावर बसून संशोधन होत नसतं, जरा त्यांच्यात मिसळा.

मग मी मिसळलो. मुकादमिणीकडून खुरपं मागून घेतलं आणि पँट दुमडून ओळीत बसलो.

ज्यांनी निंदणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाया शेताच्या एका कडेला एका रांगेत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला कपाशीच्या दोन-तीन सऱ्यांची पट्टी येते, तिला पात म्हणतात. आपापली पात निंदत सगळ्यांनी एका रेषेत पुढं सरकायचं. कोणी मागं राहिलं की रांगेला बाक येतो आणि बांधावरच्या मालकाला तो लांबूनही दिसतो.

दहा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. तण समजून मी कपाशीचं एक रोपही उपटलं आणि ते गुपचूप परत रोवून ठेवलं. तासाभराने मान वर केली तर मी रांगेतच होतो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. रक्तातच शेती आहे वगैरे मनात येऊन गेलं. मग खाली बघितलं. माझ्या वाट्याच्या तीन सऱ्यांपैकी आता एकच उरली होती. डावीकडचीने एक आणि उजवीकडचीने एक, मला कळूही न देता आपल्या पातीत ओढून घेतली होती. सगळ्या खाली मान घालून हसत होत्या.

"सरले अक्कानी पात दिधी," सरांना अक्काची पात दिली, असं कोणीतरी म्हणालं आणि हसण्याचा फटाका फुटला.

तेव्हा मी अक्काकडे पाहिलं. तिच्यापुढंही एकच सरी होती. दोन्ही बाजूंच्या बाया तिच्या वाट्याचं निंदत होत्या आणि रांग सुतासारखी सरळ होती. कोणाला ताप असो, कोणाची पाळी असो, कोणाचे गुडघे गेलेले असोत, बाई कामावर यायची आणि तिची पात अरुंद व्हायची. काम बुडाल्याचा एकही दिवस कुठं सापडणार नव्हता, मी जन्मभर प्रश्नावल्या भरल्या असत्या तरी.

दुपारी सावलीत अक्का माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या लक्षात आलं होतं की माझ्या लक्षात आलंय.

"भाऊ, दुखस ते बठ्ठं शे. पन तू हाई लिखू नको," ती म्हणाली. दुखतं ते सगळं खरं, पण पातीचं लिहू नको, असं. मी विचारलं, एवढं दुखतं तर घरी का थांबत नाही? मुलगा पैसे पाठवतो ना? ती म्हणाली, "धाडस. पन घर बसीसन भितीसले काय सांगू?" पाठवतो तो, पण घरी बसून भिंतींशी काय बोलायचं.

मी लिहिणार नाही असं कबूल केलं आणि ते पाळलंही. त्या दिवशी वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

पण त्याच संध्याकाळी शेताच्या मालकाने मला चहाला बोलावलं. त्यांना सगळे नाना म्हणत. माणूस मोकळा, बोलका, ओट्यावर खुर्ची टाकून देणारा. मी आठ दिवसांत कोणाशी धड बोललो नव्हतो. नानांनी विचारलं, मग सर, आज खुरपं धरलं म्हणे? झालं. मी उपटलेल्या रोपापासून सुरुवात केली. नाना हसले, मला चेव आला. मांड्यांची थरथर करून दाखवली, रक्तातल्या शेतीचं सांगितलं. गोष्ट रंगत गेली की माणूस शेवटाकडे आपोआप घसरतो, आणि या गोष्टीचा शेवट अक्काच्या पातीवरच होता. मी तोही सांगितला. नाव घेतलं नाही, पण दहा बायांत बोटं वळलेली बाई एकच होती. नाना पोट धरून हसले. म्हणाले, सर, तुम्ही भारी सांगता. मी खोलीवर शीळ घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी शेतात नऊ बाया होत्या.

नानांनी सकाळीच रांग बघून मुकादमिणीला सांगितलं होतं, आजपासून नऊच ठेव, काम नऊ जणींचंच होतंय. मुकादमिणीने माझ्याकडे पाठ केली आणि निंदत पुढं सरकली. मी गावात अक्काच्या घरी गेलो. ती दारात बसून लसूण सोलत होती, डाव्या हाताने.

"तुन्हा कागदवर मन्हं नाव शे का?" तिने विचारलं. मी म्हटलं नाही अक्का, नुसता नंबर आहे, आणि हे तर मी लिहिलंच नाही.

"मंग त्यासले कसं समजनं?"

"मीच बोललो, अक्का. चहा पिताना."

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला पाणी दिलं आणि परत लसूण घेऊन बसली. सोलायला चारच पाकळ्या होत्या, त्या ती सावकाश पुरवून सोलत होती. मी बसलो होतो तेवढ्या वेळात गल्लीतून एक शेळी गेली, बाकी कोणी नाही.

मी नानांकडे गेलो. म्हटलं, माझं निरीक्षण चुकलं, नवशिका माणूस, मला दोन ओळींतला फरक कळत नाही. नाना समजूतदारपणे म्हणाले, सर, तुमचं काही चुकलेलं नाही, मी स्वतः जाऊन पाहिलं. मग म्हणाले, मी काय वाईट माणूस आहे का? म्हातारीला आराम मिळेल. आणि पुढच्या वर्षी तणनाशक मारलं की नऊ तरी कशाला लागतात? खरंच ते वाईट नव्हते. चहाही आला. मी तोही प्यायलो.

मॅडमना मात्र मी हे पातीचं पहिल्याच रात्री मोठ्या उत्साहाने फोनवर कळवलं होतं. त्या म्हणत राहिल्या की हे तुमच्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण होईल. मी ते लिहिलं नाही. त्यांना वाटलं मी आळशी आहे. त्यांचा तसा समज आधीपासून होताच.

महिन्याभराने कळलं की मुकादमिणीने नानांचं काम सोडलं आणि टोळी नदीपलीकडच्या शिवारात जाते, पायी तासभर लांब. मी मोटरसायकल काढली. कपाशी कमरेला लागली होती, बाया उभ्याने वाकून मोठं तण उपटत होत्या. मी बांधाच्या कडेला गाडी लावतो न लावतो तोच मुकादमीण रांग सोडून माझ्याकडे आली आणि मध्ये उभी राहिली. तिच्या खांद्यावरून मी बघायला लागलो. डोकी मोजता आली नाहीत, पानं दाट होती.

"भाऊ, अक्का वनी शे," ती म्हणाली; आली आहे, एवढंच. "आते तुम्ही जा."

मी हो म्हटलं. पायवाट अरुंद होती. गाडी वळवायला मला तीन-चारदा मागंपुढं करावं लागलं, एकदा तर ती चिखलात बंदच पडली. तेवढ्या वेळात रांग पुढं सरकली होती.