खिडकीच्या आठ पितळी पट्ट्या

त्या आठ पट्ट्यांवर माझा आजही राग आहे. पितळेच्या, अंगठ्याएवढ्या रुंद, लॉरीच्या दोन्ही दारांच्या खिडक्यांना बाहेरून चौकटीसारख्या बसवलेल्या. एका खिडकीला चार, दोन खिडक्यांना आठ. त्यांनी पाऊस अडत नव्हता की काच धरली जात नव्हती, नुसती शोभा. शोभेच्या वस्तूनं माणसाचा एवढा छळ करावा हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आणि आता केस पिकल्यावरही पटत नाही.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. जालना हैद्राबाद संस्थानात होतं, आणि आमची भट्टी बाजाराच्या मागच्या गल्लीत. माझे वडील, म्हणजे आबा, बैलगाडीच्या चाकांना धावा बसवायचे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी कडी. ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची, की ती फुगते. मग दोघांतिघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायची. लाकूड लगेच धुमसायला लागतं, म्हणून त्याच घटकेला वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाकाला जन्माचं धरून बसतं. जुनी धाव काढायची तरी तीच रीत, तापवली की ती सैल होते. पाण्याची घागर आठव्या वर्षापासून माझ्याकडं होती. धूर दिसला की पाणी, एवढंच मला शिकवलेलं, आणि ते इतकं अंगात मुरलं होतं की घरात चूल धुमसली तरी माझा हात तांब्याकडं जायचा.

बदनापूरपासून मंठ्यापर्यंतचे शेतकरी आबांकडं चाकं घेऊन यायचे. त्यांची धाव सैल होत नाही, असं लोक म्हणायचे. मला त्या कौतुकाचा कंटाळा आला होता. धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि बावीस वर्षांचा झालो तरी मी घागरवालाच होतो. मला मोटारीचं काम करायचं होतं. प्रवासी नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरमागं वर्षभर हिंडून मी इंजिन शिकलो होतो, आणि त्या जोरावर सरकीच्या एका व्यापाऱ्यानं, आम्ही त्यांना शेठच म्हणायचो, मला बोलावलं.

शेठनं औरंगाबादेहून एक जुनी लहान लॉरी आणली होती. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. दारांवर आधीच्या मालकाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की शेठला ते बघवत नव्हतं. मंठ्याच्या पुढच्या बाजाराला लॉरी आपल्या रंगात, आपल्या नावानं गेली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मला म्हणाले, "रंगाचं काम तुझ्या देखरेखीखाली होऊ दे. बराबर झालं तर लॉरी तुझ्या ताब्यात. चालवायची बी तूच, दुरुस्ती बी तुझीच. बिघडवलंस तर आपला भाता वढत बस." मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं.

रंगारी टांगे आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा, हाताचा चांगला पण जिभेचा तिखट. त्यानं लॉरीला एक फेरी मारली, खिडकीच्या कडेला नख लावलं, तर रंगाचा पोपडा त्याच्या हातात आला. "पट्टीच्या खालून फुगलंय सगळं," तो म्हणाला. "वरून रंग मारला तर पावसाळ्यात निघंल, अन् नाव माझं खराब. पट्ट्या काढा, मंग मी ब्रश लावतो. तीन दिवस हाये मी. चौथ्या दिवशी परतूरला जायचंय." पट्ट्या काढणं म्हणजे तासाभराचं काम, असं मी त्याला ऐटीत सांगितलं. ते वाक्य त्यानं पुढचे तीन दिवस मला ऐकवलं.

पहिल्या दिवशी मी पेचकस घेऊन पेच शोधले. एकही नव्हता. खिळ्याचं डोकं नाही, रिव्हेट नाही, काही नाही. गुळगुळीत पितळ, त्यावर तीन थर रंग. पट्टीखाली पटाशी घालून उचकटायला गेलो तर पत्र्यावर ओरखडा उठला आणि पट्टी तसूभर हलली नाही. दुसऱ्या टोकाला घातली तर पट्टी वाकली, सुटली मात्र नाही. मी तिला शिव्या घातल्या. कडुनिंबाखाली चटई टाकून रंगारी बसला होता. तो म्हणाला, "चालू द्या तुमचं. एक तास न्हाई झाला आजून."

दुपारी आबा आले. शेठचं आवार आमच्या भट्टीपासून दोन गल्ल्यांवर होतं. ते मागं हात बांधून थोडा वेळ बघत राहिले.

"काय करून राह्यला?"

"पट्ट्या काढून राह्यलो."

"बसवल्यात कशा, ते बघितलं का?"

"आबा, ही बैलगाडी न्हाई."

"न्हाई तर न्हाई. बसवणारा तर माणूसच आसंल की. त्यो कुठं बसून काम करत व्हता, तिथं बसून बघ."

मला ते फार लागलं. ज्या माणसानं जन्मात मोटारीला हात लावला नव्हता, त्यानं मला मोटार शिकवावी, आणि तीही रंगाऱ्यासमोर. "भट्टीवर गिऱ्हाईक आलं आसंल, तुमी जावा," मी म्हणालो. ते गेले. मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कडांना रॉकेल पाजलं. रॉकेल आधीच मिळत नव्हतं, ते घरातल्या चिमणीतलं आणलं, म्हणून आईची बोलणी खाल्ली. अर्धा दिवस वाट बघितली. मग हातोडीनं हळूहळू ठोकत गेलो. एका पट्टीचं टोक बोटभर वर आलं. मी दुसऱ्या टोकाकडं गेलो, तर पहिलं टोक खट्‌ करून जागेवर बसलं. असं मी मोजून सात वेळा केलं. सातव्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली, नख काळं झालं, आणि मी पटाशी आवारात भिरकावून दिली. ती शोधायलाही मलाच जावं लागलं. रंगारी चटईवर कूस बदलून पडला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं जागेवर नव्हतं. त्या दिवशी पट्ट्या निघाल्या नाहीत तर रंगारी परतूरला जाणार, लॉरी बाजाराला दुसऱ्याच्या नावानं जाणार, आणि मी भट्टीवर. मला डोळ्यांसमोर घागर दिसत होती. आणि घागरीवरून मला सुचलं. पट्टी म्हणजे तरी काय, कडीच की. तापवली की फुगेल आणि सैल होईल. मोटारीला बैलगाडीचं शहाणपण नको म्हणणारा मी, आता चोरून तेच करायला निघालो होतो, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही. आबा कोळसा आणायला गेले होते. तेवढ्यात मी घमेल्यात निखारे, एक सपाट लोखंडी सळई आणि सवयीनं पाण्याची घागर घेऊन आवारात आलो. रंगारी जेवायला घरी गेला होता.

सळई लाल केली आणि पट्टीवर दाबून धरली. रंग जळाला, वास सुटला, आणि पट्टीचा कोपरा खरोखर वर आला. तीन दिवसांत पहिल्यांदा मी हसलो. पुन्हा सळई तापवली, पुन्हा दाबली. पट्टीच्या मागची चौकट लाकडाची होती, हे मला ठाऊक होतं. ती धुमसायला लागली. पांढरा धूर दिसला, आणि मी काही विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, हाताला चौदा वर्षांची सवय होती. त्यानं घागर उचलली आणि ओतली.

खिडकीची तापलेली काच तडकली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, मधून दोन फाटे फुटलेली. आवाज फार मोठा नव्हता. लढाई चालू असताना मोटारीची काच जालन्यात तर सोडा, मुंबईला चिठ्ठी लिहूनही मिळत नव्हती, हे मला शेठनंच आठवडाभर आधी सांगितलं होतं. मी ओलं फडकं घेऊन त्या काचेसमोर उभा राहिलो आणि उगाच ती पुसत बसलो.

आबा भाकरी घेऊन आले तेव्हा मी पुसतच होतो. त्यांनी घमेलं बघितलं, घागर बघितली, काच बघितली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. भाकरी खाली ठेवून ते केबिनमध्ये चढले, ड्रायव्हरच्या जागी बसले आणि दार ओढून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला मेणकापडाचं अस्तर होतं. त्यावरून त्यांनी हात फिरवला, खिडकीच्या कडेला बोटांनी चाचपलं, आणि अस्तराचा कोपरा हलकेच उचलला. खाली पेचांची डोकी होती. ओळीनं, एका पट्टीला तीन. पट्ट्या आतून पेचानं आवळलेल्या होत्या.

"पेचकस दे," ते म्हणाले.

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पट्ट्यांचा राग, ज्यानं पेच आत लपवले त्याचा राग, आणि आबांचा तर सगळ्यात जास्त, कारण ते मला काहीच बोलत नव्हते. पहिल्या खिडकीच्या चारी पट्ट्या त्यांनी एवढ्या सहज काढल्या की मला बघवेना. चौथी त्यांच्या हातात असतानाच शेठ आवारात आले.

शेठनं आधी काच बघितली, मग घमेलं, मग हातात पेचकस घेऊन केबिनमध्ये बसलेला म्हातारा बघितला. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. पण ते आठवणं माझ्या सोयीचं असेल. आबा खाली उतरले आणि म्हणाले, "माझ्या हातून झालं, शेठ. पोरगं नको म्हणत व्हतं. मला वाटलं, धाव तापवावी तसं तापवू. वय झालं, ध्यान ऱ्हात न्हाई."

शेठ त्यांना जे बोलले ते मी लिहीत नाही. आबांना तसं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ओलं फडकं माझ्या हातात होतं, त्यातून माझ्या पायावर पाणी ठिबकत होतं, आणि शेठनं जरा नीट बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. मी गप्प राहिलो. बोललो असतो तर लॉरी गेली असती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी शेठ माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "उरलेलं जल्दी उरक. अन् ह्या म्हाताऱ्याला पुन्हा माझ्या लॉरीजवळ फिरकू देऊ नको." मी हो म्हणालो.

दुसऱ्या खिडकीच्या पट्ट्या मी केबिनमध्ये बसून एकट्यानं काढल्या. पेच जागच्या जागी होते. रंगारी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही थांबला, परतूरला उशिरा गेला. लॉरी हिरवी झाली. काचेच्या जागी बसवायला आबांनी भट्टीत बसून सागाची एक पातळ फळी घासली आणि माझ्या हातात दिली. "तू बसव," म्हणाले. फळी चौकटीत अशी गेली की नखाला फट लागेना. शेठनं तिच्यावरून हात फिरवून माझी पाठ थोपटली, आणि तेव्हाही मी गप्पच होतो.

जालना तेव्हा एवढंसं होतं. आठ दिवसांत सगळ्या बाजाराला माहीत झालं की धावा बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं शेठच्या लॉरीची काच फोडली. मी मंठ्याच्या फेऱ्या करत होतो, मला कुणी काही म्हणत नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी माणूस कमी होता, म्हणून मी भट्टीवर मदतीला गेलो. बदनापूरकडचा एक जुना गिऱ्हाईक चाकं घेऊन आला होता. आर पेटत असताना तो हसत म्हणाला, "आबा, जपून तापवा. माझ्या गाडीला काच न्हाई, पर बैल घाबरतील."

सगळे हसले. आबाही हसले. "आता पोरावरच सोडतो मी," ते म्हणाले.

धाव लाल झाली. आम्ही तिघांनी ती उचलून चाकावर बसवली. लाकडातून धूर निघाला, आबा म्हणाले, "वत," आणि मी घागर ओतली. पाणी बरोबर जागेवर, बरोबर वेळेला पडलं. धाव आवळत गेली.

"पोरगं तुमच्यापेक्षा हुशार निघालं," गिऱ्हाईक म्हणाला.

"व्हय," आबा म्हणाले. मी रिकामी घागर खाली ठेवली.