नाक्यावर आडवी लावलेली गाडी

धाराशिवच्या कचेरीबाहेर बसून मी उर्दूत अर्ज लिहून देत असे. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूतून चाले. गावातल्या प्रतिष्ठितांना राज्याविरुद्ध गाऱ्हाणं घालायचं झालं तरी ते त्याच भाषेत आणि मान लववूनच घालावं लागे. या प्रतिष्ठितांचे म्होरके एक वकीलसाहेब होते. त्यांच्या बैठकीत लोड, तक्के, चहा आणि गुलामीबद्दलची हळहळ यांची कधी वाण पडली नाही. दोन-तीन महिन्यांनी मला बोलावणं येई. विषय ठरलेला, बार्शीच्या रस्त्यावरचा करोडगिरीचा नाका. पलीकडं इंग्रजी मुलूख. माल जाता-येता नाकेदार जकात घेई आणि वर हात ओले झाल्याशिवाय गाडी सोडत नसे. 'हुजुरांच्या पायाची धूळ' अशी सुरुवात करून मी पानभर विनवण्या लिही. पाच वर्षं लिहिल्या. उत्तर दरवेळी एकच, जेरे-गौर. म्हणजे विचार चालू आहे.

येडशीजवळ पानमळा असलेल्या एका बाईंना हा विचार परवडेना. लिंगायत विधवा, घरात कानडी बोलायच्या, बाहेर मराठी. सगळे त्यांना आक्का म्हणत. विड्याची पानं नाक्यावर दोन दिवस उन्हात राहिली की काळी पडत. एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी नाकेदारानं त्यांची गाडी पुन्हा अडवली. आक्कांनी गाडीवानाला बैल सोडायला लावले, गाडी रस्त्यावर आडवी केली आणि चाकाला पाठ टेकून बसल्या. मागून आलेल्या गाडीवाल्यांनीही जू उतरवलं. दिवस कलायच्या आत दोन्हीकडचा रस्ता बंद.

बातमी कळताच वकीलसाहेब लालबुंद झाले. "या बाईनं आपल्या कामाची माती केली. लोक आपल्याला गुंड म्हणतील, सरकार बिथरेल. मुन्शी, जाऊन समजवा तिला."

स्वतः जावं हे त्यांना सुचलं नाही. बैठकीतल्या कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर पोचलो, तर एक माळी आक्कांसमोर हात जोडून उभा होता. त्याच्या गाडीत मेथीच्या जुड्या होत्या, निम्म्या माना टाकलेल्या.

"माझा काय गुन्हा, आक्का? भाजी वाळायली माझी."

"तुझा काय गुन्हा न्हाय रं बाबा," आक्का म्हणाल्या. पण जागच्या हलल्या नाहीत. माळ्यानं त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्यांनी त्या मान खाली घालून ऐकल्या.

मग मी पुढं झालो. "आक्का, अशानं आपल्याच कामाला बाध येतो."

"कंच्या कामाला?"

"आम्ही अर्ज दिलेत ना."

"त्याचं काय झालं?"

"विचार चालू आहे."

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "तवर मी हितंच बसते."

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. लाठ्या चालल्या, गाडीचं चाक मोडलं, आणि आक्कांना धाराशिवला नेऊन महिनाभर कोंडलं. गावात वकील होते, पण आक्कांचं वकीलपत्र कुणी घेतलं नाही. उलट अटकेच्याच संध्याकाळी वकीलसाहेबांनी मला बोलावून नवा अर्ज लिहायला सांगितला. या दंगेखोर बाईशी आमचा काडीचा संबंध नाही, आम्ही हुजुरांचे इमानी रयत आहोत. मी लिहिला. हात थरथरला असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. हात छान चालला.

आक्का सुटून आल्या, आणि नाक्यावर एक बदल दिसला. पानांच्या आणि भाजीच्या गाड्या नाकेदार आधी सोडू लागला. हुकूम नाही, दवंडी नाही. पुन्हा रस्ता तुंबायला नको, एवढंच त्याला कळलं होतं.

"पाहिलंत?" वकीलसाहेब बैठकीत म्हणाले, "अर्जाचं फळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा फिरला. मीही प्यालो.

पुढं हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. ते अर्जांनी गेलं नाही आणि एका आडव्या गाडीनंही गेलं नाही. पण गावच्या सत्कारसभेत हार पडले वकीलसाहेबांच्या गळ्यात. संयमाचं महत्त्व या विषयावर ते तासभर बोलले. आक्कांना त्या सभेचं बोलावणंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात तो माळी दिसला. मी भाजी घेता घेता विचारलं, "त्या नाक्यावरच्या बसण्याचा काही उपयोग झाला का हो?"

"झाला की. गाडी लवकर सुटायली ती आक्कामुळंच. पर माझी मेथी गेली ती बी तिच्यामुळंच. अजून बोलत न्हाय म्या तिच्यासंगं."

"आणि ते अर्जवाले?"

त्यानं जुडीवर पाणी मारलं. "त्येंचं काय? त्येंनी माझं काय बिगडवलं न्हाय आन् घडवलं बी न्हाय. हुते का न्हवते, तेच ठावं न्हाय."

त्यानं मला ओळखलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही.