देखरेखीची सही

आमच्या चारकोपच्या अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे, तरी किस्से तिथेच सर्वांत जास्त साठतात. मुलं आपापलं वाचतात आणि मी, निवृत्त कारकून, समोर बसून देखरेख करतो. शिकवत काही नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाचं पान आहे. तारखेपुढे मूल सही करतं, शेजारी मी.

*

मुलाची चौकशी करायला एका मालवणी आईने मला पहिल्याच आठवड्यात गाठलं. "झील वाचता काय?"

"पुस्तक तर उघडं असतं, ताई."

"उघडा पुस्तक माका घराकय दिसता."

*

ओंकार तीन दिवस एकच गणित सोडवत होता. काय ती चिकाटी, म्हणून मी कौतुकाने त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहायचो. चौथ्या दिवशी कळलं, पहिल्याच पायरीला चुकलेलं.

"काका, तुम्ही मागून बघत होता ना? काही बोलला नाहीत. मला वाटलं, बरोबर असणार."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

*

अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष एकदा पाहुणे घेऊन आले. "आपली मुलं स्वतःच अभ्यास करतात. एकदम झकास!"

"मग हे काका कशाला?" एका पाहुण्याने विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

*

सायली बारावीची. आईचं ऑपरेशन झालं, घर हिच्यावर आलं, कॉलेजची हजेरी बुडाली. दुपारी दोन तास मात्र आमच्याकडे न चुकता यायची. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "आपला आपण केलेला अभ्यास हजेरीत धरत नाही. कुणाच्या देखरेखीखाली केला असेल तर पुरावा आण. नाहीतर यंदा परीक्षा नाही."

मी रजिस्टर काखेत मारून तिच्यासोबत गेलो. त्या दिवशी गुरुवार होता. मॅडमनी तिचं पान ओळ न् ओळ पाहिलं, मान डोलावली, आणि शेवटच्या ओळीशी येऊन थांबल्या.

"काका, शनिवार अजून यायचाय ना?"

आठवड्याच्या सगळ्या सह्या सोमवारीच उरकायची माझी सवय. शनिवारपुढे माझी सही झोकात बसली होती. मॅडमनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. पोरीचं वर्ष गेलं, आणि ते मी घालवलं. परत येताना मला तिच्याकडे बघवेना.

शुक्रवारी दुपारी ती आली. पान उघडून तिने सही केली. शेजारची माझी सही पेनाने खोडली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"काका, मी आलेय. आता करा."