फ्रीव्हीलमधलं खोबरेल

पावसाळ्यापेक्षा थंडीत सायकलीचे हाल जास्त होतात, हे आमच्या जोयडा तालुक्याबाहेरच्या माणसाला पटत नाही. पावसात मी चालतच फिरायची. सायकल पडवीत टांगलेली असायची. थंडीत मात्र रोज तिचीच गरज. तेव्हा, नव्वदच्या दशकात, जंगलातल्या रस्त्यांवर डांबर कमी आणि तांबडी धूळ फार. रात्री दव पडलं की ती धूळ साखळीला चिकटते आणि कानशीसारखी दाते खाते. ब्रेकचे रबर बघता बघता झिजतात. म्हणून दर चार दिवसांनी पुसणं, तेल, हवा हे ठरलेलं.

सायकल बेळगावहून भावानं पाठवलेली. जाड दातेरी टायर, आडवं सरळ हँडल, गिअर-बिअर काही नाही. दांडी उतरती होती म्हणून साडी खोचून बसता यायचं. मी नर्स होते. गुंद गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीपर्यंत लशीची पेटी नेण्यासाठी ती सायकल मला देवासारखी होती.

तिची देखभाल सासऱ्यांनी स्वतःकडे घेतली होती. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. जन्मभर जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेलेले, कोयत्याला धार लावण्यात पटाईत. मशीनच्या तेलाचा वास त्यांना सोसत नसे. एके वर्षी डिसेंबरात मी त्यांना मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये चुलीवर पातळ केलेलं खोबरेल ओतताना बघितलं.

"मामा, ते डोक्याचं तेल हाय."

"मग? तुझं डोकं चालतंय न्हवं त्येच्यावर?"

मी घाईत होते. हसले आणि निघाले.

त्या दिवशी लशीचा दुसरा डोस होता. पहिल्या डोसनंतर पोरांना ताप आला आणि वाडीत बोंब झाली. पुढं मी दिसले की बाया पोरं घेऊन मागच्या दारानं पसार व्हायच्या. शेवटी वाडीतल्या एका म्हातारीनं घरोघर फिरून त्यांना तयार केलं. तिनं मला बजावलं होतं, "खळ्यावरचं दव वाळंस्तवर बाया थांबतील. ऊन आलं की मळणीला जातील. उशीर केलास तर माझंबी कुणी ऐकायचं न्हाई." ओल्या पेंढ्या झोडता येत नाहीत, म्हणून सकाळचा तेवढाच वेळ मोकळा. तो चुकला की डोस गेला आणि विश्वासही गेला.

गारठा असा की हँडल धरवत नव्हतं. पहिला उतार झरझर गेला. चढ लागला तशी मी पायडल मारलं, तर पाय नुसताच गरगर फिरला. साखळी जागेवर होती. मागचं चाक मात्र तिच्याबरोबर फिरेना. उतरून वाकले आणि नाकात खोबऱ्याचा वास शिरला. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं, तसं ते फ्रीव्हीलमध्ये गोठलं होतं. चाकाला पकडणाऱ्या आतल्या बारीक खिट्ट्या चिकटून बसल्या होत्या.

लाकडं भरलेला एक ट्रक समोरून आला. ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं, अक्का?" तो जोयड्याकडे चालला होता, मला उलट्या दिशेला जायचं होतं. हात हलवून त्याला पाठवलं आणि सायकल ढकलू लागले. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं. ढकलत गेले असते तर दुपार झाली असती.

मग पिशवीतला थर्मास आठवला. सासूबाईंनी धणे-जिऱ्याचा कषाय, बाळंतिणीला पाजतात तो काढा, भरून दिला होता, मला लागतो तसा बिनगुळाचा. सायकल आडवी केली आणि सगळा कढत कषाय फ्रीव्हीलवर बेताबेतानं ओतला. दुसऱ्या हातानं पायडल मागेपुढे हलवत राहिले. वितळलेलं खोबरेल तांबडं होऊन गळू लागलं. थोड्या वेळानं टक् टक् आवाज आला. खिट्ट्यांनी चाक धरलं. तशीच बसले आणि उरलेला चढ उभ्यानं मारला.

वाडीत पोचले तेव्हा खळ्याच्या अर्ध्यावर ऊन होतं. दोघीजणी पदर खोचून उठल्याच होत्या. म्हातारी वाटेत आडवी उभी होती. माझ्याजवळ येऊन तिनं वास घेतला.

"व्हय गं बाई, सायकल बाळंत झालीय का? कषाय पाजून आणलीस ते?"

बाया फिदीफिदी हसल्या. उठलेल्या दोघी परत बसल्या. मी धापा टाकतच पेटी उघडली. बर्फ शाबूत होता. पोरांनी मग अशी रडारड केली की झाडावरचे पक्षी उडाले.

दुपारी घरी आले तर मामा पडवीत बसलेले. समोर ताट झाकून ठेवलेलं. सासूबाई म्हणाल्या, "ट्रकवाल्यानं सांगितलं तू सायकल ढकलत होतीस. तवापासून घास न्हाई घेतला."

मामांनी सायकलीकडे बघितलंही नाही.

"बाया थांबल्या?"

"थांबल्या."

"समद्या पोरांना टोचलंस?"

"समद्यांना."

त्यांनी ताट पुढं ओढलं. "मग बस तूबी," ते म्हणाले, "कालवण गार झालंय."